दाराशी बसणारी शेळ्यावाली

उमरठच्या वरच्या वाडीत दर शनिवारी मी संस्थेतर्फे मुलींचा गट घेते. वाडीतली एक बाई शेळ्या घेऊन दाराशी बसायची आणि काठीने नुसती माती उकरायची. गावाने हिला पाळतीवर ठेवलंय, असं मी बेधडक ठरवून टाकलं होतं.

एका शनिवारी गटातली दहावीची एक मुलगी आली नाही. बाई पहिल्यांदाच बोलली, "गो ताई, तिला बघाया पावनं आलंत."

पंधरा वर्षांची पोर, आणि सगळी वाडी गप्प! मी तावातावाने बालविवाहविरोधी पत्रकं काढली.

"तुजा कागद तितं कोन वाचनार?" म्हणत ती शेळ्या हाकत निघून गेली.

थोड्या वेळाने मुलगी साडी खोचून धापा टाकत आली. बाईने शेळ्या तिच्या परसात घुसवल्या होत्या. हाकलायला आईनेच तिला पाठवलं, आणि ती हाकत हाकत थेट इथे पोचली.

मुली हसल्या. शेळ्यांमागून आलेली बाई हसली नाही. खालून मुलीच्या नावाने हाका येत होत्या.

"आज शेल्यांनी आनली. उद्या तू आनशील ना?"

आता मी रोज त्या घरावरून जाते. दोरीवर शाळेचा ड्रेस वाळताना दिसेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो.