काबूल ते कोलंबो, मार्गे कडा

काबूल ते कोलंबो हे अंतर सुमारे दोन हजार मैल आहे आणि वाटेत आमचं घर लागतं. हा शोध मी स्वतः लावला, तोही मला बघायला पाहुणे आले होते त्या दिवशी!

निजामाच्या राज्यात, कडा नावाच्या आमच्या गावी मिडल पास मुलगा म्हणजे मोठी चीज. (हे माझं मत. गावाला कुणी विचारलं नव्हतं.) माझे वडील, आबा, मात्र अंगठेबहाद्दर गाडीवान. अंतर ते वैरणीवर मोजायचे. बीड किती लांब, असं विचारलं की म्हणायचे, "दोन वैरणी आन् एक झोप." मला चारचौघांत त्याची लाज वाटायची.

पालीहून मुलीचे वडील आणि मामा आले. मामा हैदराबादेत विमानांत तेल भरायच्या कामावर होते. कपिलधारच्या जत्रेत बघितल्यापासून मुलगी माझ्या मनात भरलेली. पण मामांनी मान डोलावल्याशिवाय ती मिळणार नव्हती!

मामांनी पानाला चुना लावता लावता विचारलं, "लई शिकलेत म्हनं. मंग सांगा, काबूल आन् कोलंबो, दोन मुलखांच्या राजधान्या. इमानाला किती येळ लागंल?"

मी शाळेचा नकाशा भिंतीवर टांगला. (छाप पाडायला आदल्या दिवशीच मागून आणला होता.) मायच्या गोधडीचा दोरा त्यावर ताणला. बघतो तर काय, दोरा थेट कड्यावरून गेलेला!

"इमान आपल्या घरावरून जातंय!" मी ओरडलो.

"आगं बया, माझ्या मिरच्या!" म्हणत माय वाळवण काढायला माळवदावर धावली. तिला बघून शेजारणी धावल्या. घटकाभरात अर्धं गाव आपापल्या माळवदावर आभाळाकडं तोंड करून उभं!

मी इकडं हिशेब मांडला. "दोन हजार मैल. तासाला शंभर. ईस तास!"

"न्हाई," कोपऱ्यातून आबा म्हणाले. "तीन दिस."

"आबा, तुमी गप बसा. ही बैलगाडी न्हाई!" मी पाहुण्यांदेखत म्हणालो.

आबा रागावले नाहीत. "बैल नसंना, पोट तर हाय. उतरून वैरनपानी करावंच लागंल. हाकनारा बी मानूसच. दिस मावळला की मुक्काम. उपाशी जनावर मी कवा दामटलं न्हाई."

मी मोठ्यानं हसलो. मामा हसले नाहीत. ते उठले आणि त्यांनी आबांचे पाय धरले!

"मी रोज तेल वततो. इमान घडोघडी उतरतंय, आन् अंधारात उडत न्हाई. तीन दिसच! आबा, तुमी कवा इमान पाह्यलं का?"

"न्हाई बा. गाडी पाह्यली."

लाजेनं माझी मान खाली गेली. पण खरं सांगतो, आबांचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

मुलीच्या वडिलांनी सुपारी काढली. "पोरगी दिली!" मी लगबगीनं पाया पडायला वाकलो, तर ते मला ओलांडून आबांच्या गळ्यात पडले. "असा सोयरा मिळायचा न्हाई! पोराचं काय, सुधरंल हळूहळू."

मुलगा बघायला येऊन मुलाचा बाप पसंत केलेलं आमच्या भागातलं ते बहुधा पहिलंच लग्न. बाशिंग तेवढं माझ्या कपाळी बांधलं, तेही आबांना आधीच बायको होती म्हणून!