वाढत्या अंगाचा वेटसूट

त्या दिवशी माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर, माझी मुलगी आणि माझी धाकटी बहीण डोक्याला डोकं लावून मोबाइलवर रबराचे कपडे बघत बसल्या होत्या. मी स्वयंपाकघरातून विचारलं, "काय पाहून राह्यल्या वं?" तर बहिणीनं मोबाइल उशीखाली सरकवला. मुलगी म्हणाली, "नथिंग, आई." माझी खात्री आहे की जगातल्या सगळ्या आयांच्या पोटात ‘नथिंग’ या शब्दानं सारखंच दुखत असणार.

माय मरो, मावशी जगो, असं आपल्याकडे म्हणतात. ज्यानं कुणी ही म्हण केली, त्याला मावशी असेल, पण बहीण नसणार.

बहीण माझ्याहून बरीच लहान. अकोल्याला असताना मी तिला कडेवर घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत जायचे. पुढे मी लग्न होऊन बहरीनला आले. नवरा मुहर्रकला, विमानतळावर टेक्निशियन. मी सलमाबादच्या एका वर्कशॉपचं स्टोअर सांभाळते. तिथं एसीसाठी पत्र्याचे डक्ट बनतात. आम्ही राहतो नईममध्ये, जुन्या इमारतीत. मग बहीणही बँकेची नोकरी धरून इथं आली, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं. मीच तिला विमानतळावर आणायला गेले, मीच तिला मुहर्रकला घर बघून दिलं, आणि तिनं काय केलं, तर माझी पोरगी पळवली.

पळवली ती एका होडीत बसवून. कयाक म्हणतात तिला. प्लॅस्टिकची, लांबट, वरून सताड उघडी, दोघींनी पुढेमागे बसायचं आणि वल्हं मारत गळ टाकायचा. आमच्या सात पिढ्यांत कुणी समुद्र पाहिला नव्हता. अकोल्याच्या मोर्णा नदीला पाणी आलं तरी आम्ही पुलावरून बघायचो. आणि ह्या दोघी दर शुक्रवारी सकाळी गाडीच्या टपावर होडी बांधून निघायच्या, दुपारी उन्हानं तांबड्या होऊन परतायच्या, पिशवीत दोन-चार शेरी मासे. नवरा म्हणायचा, "वा, मेव्हणीबाई, आज तर मेजवानी!" मी म्हणायचे, मला भूक नाही. नंतर ओट्याजवळ उभी राहून शेपटीकडचा तुकडा खायचे. मासा चांगला असायचा, हे आणखी वाईट.

शुक्रवारच का एवढा लागायचा, तेही सांगते. शाळा, क्लास, परीक्षा यांतून मुलीचा मोकळा वार तेवढाच. आणि सप्टेंबरात ती कॉलेजला पुण्याला जाणार होती. म्हणजे आमच्या घरातला हा तिचा शेवटचा हिवाळा, आणि त्यातले सगळे शुक्रवार बहिणीच्या नावावर. मी काही मोठं मागत नव्हते. मला फक्त वाटा हवा होता.

जानेवारीत शमाल सुटला. उत्तरेचा वारा हा; इथल्या हिवाळ्यात दोन-चार दिवस घुमतो, धूळ उडवतो आणि उथळ समुद्र पार गारठवून टाकतो. उन्हाळ्यात अंघोळीच्या पाण्यासारखा असणारा समुद्र तेव्हा इतका गार की हात घालवत नाही. होडीत बसलं की मांडीवर पाणी येतंच, आणि पडलं तर विचारूच नका. मी जाहीर केलं, "आता बंद. उन्हाळ्यात काय ते करा."

"त्याच्यासाठीच वेटसूट पाहून राह्यलो ना वं ताई," बहीण म्हणाली. मग तिनं मला समजावलं. जाड रबराचा सूट, पायापासून गळ्यापर्यंत. त्याच्या आत थोडंसं पाणी शिरतं, ते अंगाच्या उबेनं तापतं आणि तेच अंगाला ऊब देतं. म्हणून सूट कातडीसारखा घट्ट पायजे. आत सुती नको, लोकर नको. वरून वाऱ्याचं जाकीट, पायात रबरी बूट, डोक्याला टोपी.

पाणी आत शिरू देणारा सूट! मी स्टोअर सांभाळणारी बाई. वर्कशॉपच्या सगळ्या माणसांचे कव्हरॉल मी मागवते, आणि माझा नियम ठरलेला: एक माप मोठं. धुतलं की कापड आटतं, वाकताना पाठीत उसवत नाही, थंडीत आत स्वेटर मावतो. आईनंही आम्हाला असंच वाढवलं. कपडा घ्यायचा तो वाढत्या अंगाचा. फ्रॉक आधी मला ढगळ, मग मला नेमका, मग बहिणीला ढगळ, मग बहिणीला नेमका, मग पोछा. कपड्यातलं मला कुणी शिकवू नये, आणि जिचं नाक मी पुसलं तिनं तर नाहीच नाही.

तर मी कावा केला. बहीण ऑफिसात असताना मुलीला घेऊन डायव्हिंगचं सामान मिळतं त्या दुकानात गेले. काउंटरवरच्या फिलिपिनो मुलीनं माझ्या मुलीच्या मापाचा सूट काढला. तो चढवताना पोरीचा जीव मेटाकुटीला आला. मी म्हटलं, हा काय कपडा आहे? श्वास तरी घेता येतो का? दोन मापं मोठा काढायला सांगितला. "मॅडम, टू बिग," ती म्हणाली. मी म्हटलं, शी विल ग्रो. होस्टेलचं खाऊन अंग भरतंच. शिवाय आत मी विणलेला मरून स्वेटर बसायला हवा. तो मी गेल्या हिवाळ्यात विणला होता आणि पोरगी ‘इट्स नॉट कोल्ड इनफ’ म्हणून घालत नव्हती.

मुलगी आरशात स्वतःकडे बघत होती. काखेत रबराच्या चुण्या पडल्या होत्या, मानेशी माझी चार बोटं आत जात होती.

"आवडला ना?"

"ओके, आई."

मी सूट बांधून घेतला. बाहेर आल्यावर मला असं हलकं वाटत होतं, जणू बहिणीच्या हातातलं एक वल्हं मी काढून घेतलं.

वारा ओसरला तो शुक्रवार. ह्या वेळी मीही थर्मासमध्ये चहा घेऊन काठावर गेले. पोरीला बहिणीनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "हे काय वं ताई? ह्याच्यात तर आपण दोघी मावू!"

"तुले नसंन पटत तर नको पाहू."

"आत स्वेटर? लोकरीचा?"

"आय ॲम वेअरिंग धिस," मुलगी मध्येच म्हणाली. "आईनं आणलाय."

आईनं आणलाय! इंग्रजी सोडून तिनं ते म्हटलं, तेही बहिणीच्या तोंडावर. मी थर्मासचं झाकण उघडताना जरा जास्तच ऐटीत उघडलं असेल.

बहिणीचा एक नियम होता. नवा कपडा अंगावर असला की होडी आधी सोडायची नाही. काठाशीच, कमरेएवढ्या पाण्यात गळ्यापर्यंत बसायचं आणि काठावरच्या माणसाचा एक कप चहा संपेपर्यंत उठायचं नाही. तेवढं सोसलं तर खोल पाण्यात पडलो तरी निभेल, नाहीतर घरी. "पी तू चहा," ती मला म्हणाली, "सावकाश नको पिऊ." आणि दोघी पाण्यात जाऊन बसल्या. नुसती डोकी वर.

आता खरं सांगायचं तर चहा मी सावकाशच प्यायले. मला सिद्धच करून दाखवायचं होतं. कप अर्धा झाला, पोरीनं तक्रार केली नाही. मी आणखी एक घोट फुंकून घेतला. कळलं का बाईसाहेब, म्हटलं मनात, स्टोअर कोण सांभाळतं ते.

दोघींचं बोलणं चाललं होतं. वारा त्यांच्याकडून माझ्याकडे होता, पाणी सपाट, सगळं शेजारच्या खोलीतून यावं तसं ऐकू येत होतं. आधी मला वाटलं बहीण एकटीच बोलतेय. मग कळलं, दुसरा आवाज माझ्या मुलीचा. अस्सल वऱ्हाडी. माझ्या घरात जिच्या तोंडून ‘ओके’ आणि ‘नथिंग’पलीकडे काही निघत नाही, ती माझी पोरगी माझ्या आईसारखी बोलत होती. हे शिकली कधी? माझ्याशी का नाही?

"दात वाजून राह्यले तुये. चाल, निंघ बाहेर," बहीण म्हणत होती.

"थांब ना वं मावशी. आई पाहून राह्यली."

"पाहू दे ना तिले."

"नाही ना. थंडी वाजते म्हणलं तर तिले वाईट वाटन. तिनं एवढ्या हौसेनं आनला. तिचा चहा होऊ दे."

उरलेला चहा मी वाळूत ओतला आणि ओरडले, "संपला! संपला चहा! निघा बाहेर!"

पोरगी उठली तर सुटाच्या बाह्यांतून, पायांतून पाण्याच्या धारा लागल्या. आतलं पाणी एक क्षणभर तापून बसलं असेल तर शपथ. दर हालचालीला नवं गार पाणी आत येत होतं आणि स्वेटर ते पिऊन बसला होता. ओठ जांभळे. मी माझी शाल, नवऱ्याचं जाकीट, गाडीतली चटई, जे हाताला लागलं ते तिच्याभोवती गुंडाळलं. बहिणीनं आडोसा धरून स्वतःचा सूट उतरवला, कोरडी झाली आणि पोरीचा सूट-स्वेटर काढून, स्वतःच्या अंगानं तापलेला तो तिला चढवायला घेतला. दोघींचं माप एकच. मला तेही टोचलं.

"बोल ना," मी म्हटलं. "बोलून घे एकदा."

ती वाकून पोरीच्या पायावर प्लॅस्टिकची पिशवी चढवत होती. पिशवीवरून रबर सरकन वर जातं. मान वर न करता म्हणाली, "तुये ढगळे फ्रॉक घालूनच मोठी झाली ना वं मी. ढगळ्यात किती थंडी लागते, ते मले माहीत आहे."

मी वाकून पोरीच्या दुसऱ्या पायावर पिशवी चढवायला घेतली.

त्या रात्री झोप आली नाही. पोरीला मी थंडीत बसवून ठेवलं याचं वाईट वाटलंच. पण मत्सराचं पोट मोठं असतं, ते एवढ्यानं भरत नाही. ‘आईला वाईट वाटेल’ ही एवढी मायेची गोष्ट माझी मुलगी बोलली, ती माझ्याबद्दल, माझ्या भाषेत, आणि मावशीला! ती मी चोरून ऐकली. माझ्यासाठी होती, पण मला दिली नव्हती.

सूट आठवडाभर बाथरूमच्या दांडीवर लोंबत होता. वापरलेला, दुकान परत घेईना. एका संध्याकाळी नवरा शिफ्टला गेलेला, मुलगी तिच्या खोलीत. मी बाथरूमचं दार लावलं आणि पायावर पिशव्या चढवल्या. दम लागला, पण चढला. काखेत चुणी नाही, मानेशी बोट जाईना. दोन मापं मोठा घेताना मी डोळ्यांपुढे कुणाचं अंग धरलं होतं कोण जाणे. मग लक्षात आलं की पाठीमागची चेन मला काही केल्या सापडत नाही आणि तो आता निघतही नाही. हाक मारावी लागली.

मुलगी दारात उभी राहिली आणि इतकी हसली की खाली बसली. किती दिवसांनी माझ्या घरात अशी हसली. मग उठून तिनं चेन वर ओढली, मला गोल फिरवलं आणि म्हणाली, "इट फिट्स यू, आई." काढून द्यायला तिनं मुद्दाम वेळ लावला.

पुढच्या शुक्रवारी मी पाण्यात उतरले. मुलगी मावशीच्या सुटात, मी माझ्या. होडीत जागा दोनच, म्हणून बहीण काठावर राहिली. तिनंच मला चालवत नेलं, खांदा दाबून खाली बसवलं आणि वर जाऊन थर्मास उघडला.

पाणी मानेवरून आत शिरलं. पाठीच्या कण्यावरून बर्फाची दोरी उतरत गेली. ऊब येईल, येईल, म्हणत होते. यायला वेळ लागतो हे कुणी सांगितलं नव्हतं. समोर मुलीचं डोकं पाण्यावर, केस टोपीखाली, माझ्याकडे टक लावून. काठावर बहीण कप दोन्ही हातांत धरून उभी होती. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला. तो चेहरा करून मी अख्खा हिवाळा सोफ्याच्या मागे उभी होते. आणि ती चहा फुंकून, फुंकून, अगदी थेंब थेंब पीत होती.

"आर यू कोल्ड?" मुलीनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. दात वाजत होते.

ती पाण्यातून सरकत जवळ आली, माझे दोन्ही हात धरले आणि हळूच, काठावर ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "खोटं बोलून राह्यली वं आई तू."