कबरीवरचं वचन

“‘मी सदैव तुमच्यासोबत आहे’ हे वचन येशूचं नाही, नंतरच्यांनी घातलंय,” सर नुकताच नवरा गेलेल्या मावशींना सांगत होते.

अमरावतीच्या आमच्या चर्चमध्ये सर बायबलवर रेघा ओढत बसतात. येशूचे खरे वाटणारे शब्द असले तर सरळ रेघ, शंका असली तर नागमोडी. ‘येशू म्हणाला’ असं ते म्हणतच नाहीत. ‘म्हणाला असावा’ म्हणतात. संशोधकांची इंग्रजी पुस्तकं त्यांना मीच वाचून दाखवते.

“मंग याइच्या कबरीवर काय कोरू, सर? जातानी म्या तेच ऐकवलं त्याइले. कारागीर बाहेर थांबून राह्यला.”

सर टोक असलेल्या पेन्सिलीलाच पुन्हा टोक काढू लागले. मावशी माझ्याकडे वळल्या.

“सर बरोबर आहेत, मावशी,” मी म्हणाले. “तरी तेच कोरा.”