ओल्या कोंबडीचं वजन

लिलाबाई आणि दीपमाला या दोघी जावा आठ वर्षांत एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. जळगावात एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत सासऱ्यांनी बांधलेलं त्यांचं घर एकच. पण अंगणाच्या मधोमध छातीइतकी विटांची भिंत, आणि भिंतीला गिलावासुद्धा नाही. गिलावा कोणी करायचा हे ठरवायचं तर बोलावं लागलं असतं.

भांडण झालं ते लिलाबाईंच्या हातांवरून. सव्वीस वर्षं त्यांनी कांदा वाळवायच्या कारखान्यात काढली. आधी सोलणीवर, मग चाळणीवर, आणि शेवटची दहा वर्षं वाळलेला माल मुठीत घ्यायचा, चोळायचा, हुंगायचा आणि पोतं भरायचं की नाही ते सांगायचं, या कामावर. त्यांनी नाक मुरडलं की सुपरवायझर पोतं बाजूला काढायचा. त्या पगारावर धाकटा दीर जितेंद्र शिकला, नोकरीला लागला. त्याची बायको दीपमाला, डी. फार्म झालेली, मेडिकलच्या दुकानात काउंटरला उभी राहणारी. लिलाबाईंचा एकुलता एक प्रशील, त्याच्या साखरपुड्याच्या दिवशी ती चार पाहुण्यांदेखत म्हणाली, "अक्का, बट्टीच्या पिठाला तुम्ही हात नका लावू. पाहुण्यांना कांद्याचा वास येईल."

लिलाबाईंनी परातीतले हात काढले आणि धुतले. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दीपमालाशी बोलल्या नाहीत त्या नाहीच.

पुढच्या उन्हाळ्यात भिंत उभी राहिली. सगळं वाटून झालं. नळ दोन झाले, मीटर दोन झाले. तीन वर्षांनी दारात आलेलं मांजर मात्र वाटता येईना.

करड्या रंगाचा, मानेला पांढरा पट्टा असलेला बोका. लिलाबाई त्याला भुऱ्या म्हणायच्या, दीपमाला लिओ. वाटी वाजली की तो दोन्ही नावांना ओ द्यायचा. लिलाबाई प्राण्यांच्या खाण्याचं दुकान चालवणाऱ्या हितेंद्रकडून त्याच्यासाठी सुटा माल आणायच्या. उघड्या पोत्यातून वजन करून कोऱ्या पिशवीत बांधलेला. दीपमालाच्या पिशवीवर उडी मारणाऱ्या माशाचं चकचकीत चित्र. इकडे वाटीभर, तिकडे वाटीभर. दोघींची एका गोष्टीवर मात्र पक्की खात्री होती, की पलीकडे त्याचे हाल करतात.

मार्चमध्ये एका सकाळी बोका कढीपत्त्याच्या कुंडीत बसला, कण्हला, उठला, पुन्हा बसला. लघवीचा थेंबही नाही. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा लिलाबाईंनी त्याला भाजीच्या टोपलीत घातलं, वरून दुसरी टोपली पालथी घातली आणि रिक्षा थांबवली. जनावरांच्या दवाखान्याच्या दारात उतरून मागे पाहिलं तर दीपमाला स्कूटर स्टँडला लावत होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी नळी घालून लघवी मोकळी केली, बोक्याला तोललं. साडेसहा किलो.

"खातो काय हा?"

"हितेंद्रच्या दुकानातलं, वाटीभर," लिलाबाई म्हणाल्या.

"मासळीचं, सकाळ-संध्याकाळ," त्याच वेळी दीपमाला म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी एकीकडून दुसरीकडे पाहिलं. "म्हणजे दोन्ही. तुम्ही एकाच घरच्या ना?"

"नाही," दोघी म्हणाल्या. आठ वर्षांत त्यांचं एकमत झालेलं हे पहिलंच.

"मला त्याच्याशी कर्तव्य नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा नर आहे, लठ्ठ आहे, पाणी कमी पितो. पुन्हा अडलं आणि यायला उशीर झाला, तर मी हमी देणार नाही. आधी माझं औषधी खाणं. मेपासून रोजचं कुठलं द्यायचं ते ठरवा आणि मला लेबल सांगा. मांस जास्त, पीठ कमी. दोन्हीकडे एकच खाणं. दिवसाला साठ ग्रॅम. दोघींचं मिळून साठ. वाटीत पाणी घालून. आणि एक लक्षात ठेवा, एवढं जाड मांजर दोन दिवस उपाशी राहिलं तर यकृतावर येतं. उपास घडू द्यायचा नाही."

घरी आल्यावर लिलाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "तिच्यामुळं झालं. मासे चारत होती."

वाल्मीकभाऊ पेपरमागून म्हणाले, "ती तिकडं हेच म्हणत असेल. तुझं नाव घालून."

एप्रिल संपत आला तशी भिंतीवरच्या दोरीला चिमट्यात अडकवलेली पहिली चिठ्ठी आली. अक्षर सुबक. 'तुमच्या पुडीवर लेबलच नाही. आत काय आहे कुणास ठाऊक. आमच्या दुकानात असा माल आला तर फेकून देतात.'

लिलाबाई सातवी शिकलेल्या. मराठी वाचायच्या, इंग्रजी नाही. त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवरच लिहिलं, 'तुझ्या पिशवीवर मासा आहे. आत किती आहे ते मराठीत लिहून पाठव. जे जास्त ते आधी.'

दिवसभर औषधांची बारीक अक्षरं वाचणाऱ्या दीपमालाने मांजराची पिशवी कधी उलटी करून पाहिली नसावी. उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं. 'लेबलवर वजनाच्या क्रमानेच लिहितात, हे मला माहीत आहे. मका, कोंबडीची पूड, मक्याचं ग्लुटेन, तांदूळ, सोयाबीन, तेल, बीट, मीठ, मासा.' शेवटचा शब्द इतका बारीक होता की लिलाबाईंना तो उजेडात धरावा लागला.

त्यांनी लिहिलं, 'म्हणजे मासा चित्रापुरता.'

सुट्या मालाचा विषय दोघींनीही पुन्हा काढला नाही. लिलाबाईंनी उरलेली पुडी गुपचूप कचऱ्यात टाकली आणि वर भाजीची देठं पसरली, पलीकडून दिसू नये म्हणून.

मग दीपमालाने मांजराच्या खाण्याच्या दुकानात जाऊन दोन पिशव्यांच्या पाठींचे फोटो काढले आणि दोन्ही याद्या उतरवून धाडल्या. पहिली: 'ताजी कोंबडी, वाटाणा, मसूर, वाटाण्याचा स्टार्च, कोंबडीची चरबी, वाटाण्याचा कोंडा.' दुसरी: 'वाळवलेल्या कोंबडीची पूड, तांदूळ, कोंबडीची चरबी, मका, अंड्याची पूड.' खाली निकाल देऊन टाकलेला. 'पहिली घेते आहे. ताजी कोंबडी पहिल्या नंबरावर आहे. पूड म्हणजे काहीही दळलेलं असतं. कळवलं, एवढंच.'

लिलाबाईंनी ती चिठ्ठी ओट्यावर ठेवून दोनदा वाचली. पहिल्या यादीत त्यांचं बोट वाटाण्यावर थांबलं, पुढे गेलं, पुन्हा थांबलं, आणखी पुढे जाऊन पुन्हा थांबलं. संतापल्या की त्यांच्या तोंडून माहेरची पारोळ्याकडची बोली निघायची.

"बठ्ठा एकच वाटाणा शे," त्या म्हणाल्या.

"काय?" वाल्मीकभाऊंनी विचारलं.

"सगळा एकच वाटाणा आहे. आमच्याकडं एकाच कांद्याचा कीस व्हायचा, चुरा व्हायचा, पूड व्हायची. तीन चाळण्या, तीन पोती. तिन्हीवर नाव वेगळं. म्हणून कांदे तीन झाले का? इथं वाटाणा तीन जागी लपवला. एका जागी आणला तर वर जाऊन बसेल. आणि कोंबडी म्हणे ताजी. ताजी म्हणजे ओली. दहा किलो कांदा भट्टीत घातला की किलोभर हाती येतो, बाकीची वाफ. कोंबडीचे चारातले तीन भाग पाणी धर. हे खाणं सुकं आहे ना? मग ते पाणी गेलं कुठं? तोलताना ओली तोलली आणि पहिला नंबर पटकावला. दुसऱ्या पिशवीतली वाळवूनच तोललेली आहे, तिच्यात आटायला काही उरलं नाही."

"हे तिला सांग की."

"मी बोलत नाही तिच्याशी."

लिहिलं मात्र सगळं, पान भरून. शेवटी टोला ठेवायला विसरल्या नाहीत: 'पूड म्हणून नाक मुरडण्याआधी कशाची पूड ते वाच. नुसतं मांस लिहिलं असतं तर मीही नको म्हटलं असतं. इथं कोंबडी लिहिली आहे. डिग्री असून एवढं कळू नये.'

उत्तर एका ओळीचं आलं. 'कोंबडी म्हणजे कांदा नव्हे. कारखाना इथे आणू नका.'

तीन दिवस दोरीवर नुसता चिमटा हलत राहिला. औषधी खाण्याचा डबा तळाला आला होता. चार दिवसांचं उरलं होतं. बोका भिंतीवर बसून दोन्हीकडे पाहायचा. लिलाबाईंची झोप उडाली होती, पण वाकायचं कसं? पुन्हा हातांवर बोट ठेवलं होतं तिने. या वेळी लेखी.

चौथ्या दिवशी त्या कपडे वाळत घालत होत्या, तेव्हा पलीकडून दीपमालाचा फोनवरचा आवाज आला. "हो मॅडम, ओलं वजन... अच्छा, म्हणजे वाळवल्यावर कोंबडी यादीत खाली जाते. आणि वाटाणा तीन ठिकाणी, तो एकत्र धरायचा... नाही, मला नाही सुचलं. शेजारचं कोणीतरी म्हणत होतं."

लिलाबाईंनी ओलं पातळ जोरात झटकलं. भिंतीपलीकडे शिंतोडे उडाले. संध्याकाळी चिमट्याला चिठ्ठी होती. 'दुसरी पिशवी आणली. डॉक्टर हो म्हणाल्या.' सोबत डब्यात तीस ग्रॅम, वजनकाट्यावर तोललेलं. चूक कबूल केल्याचं एक अक्षर नाही.

औषधी डबा सकाळीच रिकामा झाला होता. लिलाबाईंनी पाणी घालून वाटी खाली ठेवली. बोका आला, वाटीत नाक घातलं, मागे सरला आणि पायाने फरशी खरवडू लागला, जशी तो घाण झाकताना खरवडायचा. रात्रीही तसंच. पलीकडेही शिवला नव्हता, कारण सकाळी चिठ्ठी आली: 'तुमची निवड. आता खाऊ घाला.'

दुपारपर्यंत त्याने पाणीसुद्धा सोडलं. डॉक्टरीणबाईंचे दोन दिवस लिलाबाईंच्या डोक्यात घणासारखे वाजत होते. एक दिवस गेला होता. त्यांनी डब्यातले चार दाणे तळहातावर घेतले, अंगठ्याने चुरडले आणि नाकाशी नेले. मग पदर खोचला, फाटकातून बाहेर पडल्या, वळसा घातला आणि आठ वर्षांत पहिल्यांदा पलीकडच्या दारात उभ्या राहिल्या.

दीपमाला लिओला मांडीवर घेऊन बसली होती. डोळे लाल. ती उठली नाही.

"पिशवी आण," लिलाबाई म्हणाल्या.

"तारीख बघितली मी. आठ महिने बाकी आहेत."

"तारीख तू वाच. पिशवी मला दे."

दीपमालाने पिशवी आणून टेकवली. लिलाबाईंनी तळातून मूठभर काढलं, चोळलं, हुंगलं. दीपमाला त्या हातांकडे पाहत होती.

"खवट," लिलाबाई म्हणाल्या. "यातली चरबी उतरलीय. त्याला कळलं, तुला नाही कळलं."

"मला तर नुसता कोंबडीचा वास येतोय."

"येणारच. तुझं नाक फक्त कांद्याला तिखट."

दीपमालाने मान खाली घातली, बोक्याच्या पाठीवरून हात फिरवला.

पुन्हा पुढे रिक्षा, मागे स्कूटर. ही पिशवीही हितेंद्रकडचीच, हे लिलाबाईंना निघताना कळलं होतं. हितेंद्र पंख्याखाली बसून होता. "मावशी, मांजराचं खाणं आहे, अत्तर थोडंच आहे," तो हसून म्हणाला. "सीलबंद होती. ताईंनी तारीख पाहूनच नेली."

"हात पुढे कर." लिलाबाईंनी त्याच्या तळहातावर दाणे ओतले. "चोळ. आता हुंग."

त्याने हुंगलं आणि हात पँटला पुसला.

"पिशव्या कुठं ठेवतोस?"

"मागं, गोदामात."

"वर स्लॅब का पत्रा?"

हितेंद्रची नजर मागच्या दाराकडे गेली.

"मे महिना आहे. पत्र्याखाली माणूस टिकत नाही जळगावात, चरबी टिकेल? कालच्या गाडीचा खोका आला असेल, त्यातली काढ. आणि इथंच उघड."

"उघडलेली मी परत घेणार नाही, आधीच सांगतो."

"ही घेशील," दारातून दीपमाला म्हणाली. "नाहीतर वस्तीत ज्याच्या ज्याच्या घरी मांजर आहे, त्याला मी तुझ्या पत्र्याचा पत्ता देईन. मेडिकलवर दिवसाला दीडशे माणसं येतात माझ्याकडे."

त्याने नव्या खोक्यातली पिशवी काढली, कात्रीने तोंड कापलं. लिलाबाईंनी मूठ भरली, चोळली, हुंगली, आणि वेळ घेतला. मग त्यांनी मान डोलावली. दीपमाला आत आली, पिशवी उचलली आणि स्कूटरवर पायांपाशी ठेवून निघून गेली. लिलाबाईंना मागे बसा म्हणाली नाही. म्हणाली असती तरी त्या बसल्या नसत्या.

बोका जेवला तो भिंतीवर. दीपमालाने वाटी तिथेच ठेवली होती, बरोबर मध्यावरच्या विटेवर. दोघी आपापल्या बाजूने उभ्या होत्या. त्याने आधी हुंगलं, मग एक दाणा उचलला, मग मान खाली घालून वाटी तळापर्यंत चाटली. लिलाबाईंना हायसं वाटलं, पण ते चेहऱ्यावर दिसणार नाही याची त्यांनी काळजी घेतली.

पलीकडे वजनकाटा टिकटिकला. दीपमालाने दुसऱ्या वेळचं तोलून डबा भरला. "एकोणतीस झालेत," लिलाबाई काट्यावर नजर ठेवून म्हणाल्या. तिने एक दाणा वाढवला, मग आणखी एक, काटा तीसवर येईपर्यंत. डबा हातात धरून ती तशीच उभी राहिली.

"पुढची पिशवी उघडली," ती शेवटी म्हणाली, "की आधी तुमच्याकडे देते, अक्का. हुंगायला."

लिलाबाईंनी बोक्याच्या मानेवरचा पांढरा पट्टा खाजवला. तो घुरघुरला.

"दे," त्या म्हणाल्या. "पण हात धुऊन दे. तुझ्या हातांना क्रीमचा वास येतो."

दीपमालाने डबा विटेवर ठेवला आणि नळाकडे गेली. नळ बराच वेळ चालू होता.