सनदकाका आणि शनिवारची शाळा

सनदकाका कुणाकडेही जेवायला गेले की पहिल्या घासाआधी विचारायचे, "तुमच्या गावाची मीटिंग कधी असते हो?" यजमानाने डोकं खाजवलं की संपलंच! भात गार होईपर्यंत व्याख्यान. कनेटिकट राज्यात आमच्यासारख्या लहान गावाचा खर्च गावकरीच सभेत हात वर करून ठरवतात, याचा आम्हा पुण्या-नागपूरच्या आयटीवाल्यांना पत्ताच नव्हता.

काका निवृत्त इंजिनिअर, कधीचे इथले नागरिक. दर शनिवारी लायब्ररीच्या तळघरात मराठी शाळा घ्यायचे. बाराखडी अर्धा तास, सनद एक तास! साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाने या वसाहतीला सनद दिली, आपला कारभार आपणच करा म्हणून. पुढच्या राजाचा माणूस ती परत न्यायला आला. टेबलावर सनद, भोवती मेणबत्त्या, "आणि अचानक..." म्हणत काका दिवा घालवायचे. पोरं किंचाळायची. दिवा लागेपर्यंत टेबलावरचं हजेरीबुक गायब!

"ओकच्या ढोलीत लपवली म्हणतात. खरं-खोटं त्या झाडाला माहीत." एकदा हजेरीबुक असं लपवलं की त्यांनाच सापडेना. वर्षभर हजेरी पेपर टॉवेलवर घेतली.

काकू गेल्यावर मुलाने त्याच्याकडे, दूर प्लेनोला, येण्याचा धोशा लावला. गेल्या वसंतात काकांनी घर विकायला काढलं. नेमकं तेव्हाच गावाने खर्च कमी करायला लायब्ररी शनिवारी बंद ठेवायचं सुचवलं. शाळेला दुसरी जागा नव्हती. काका इरेला पेटले.

मी म्हटलं, "काका, आम्ही सगळे ग्रीन कार्डच्या रांगेत. आम्हाला कुठलं मत?"

"तुम्हाला नाही. इथे जन्मलेल्या पोरांना आहे की!"

मग त्यांनी अठरा-एकोणीस वर्षांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावले. आमची लेक इरा कुरकुरली, "काका, आय हॅव फायनल्स, यार!"

"तासाभराने नापास होणार नाहीस, बाई. ये."

गावाची मीटिंग संध्याकाळी सातची, पण काकांनी सगळ्यांना सहाची सांगितली. आपली माणसं ओळखून होते. पोरं पावणेसातला धापा टाकत आली.

मतदार पुढे, बाकीचे मागच्या खुर्च्यांवर. काका सरळ येऊन माझ्या शेजारी बसले.

"अहो, पुढे बसा ना!"

"काल घराचे कागद झाले. आता चार दिवस तुमच्याकडे पाहुणा, मग प्लेनो. या गावात मला आता मत नाही."

मला असा संताप आला! "महिनाभर तुम्हीच सगळ्यांच्या मागे लागलात, आणि आता एका मताने शाळा गेली तर? कोण बघतंय इथे?"

"पोरं बघतायत ना," काका म्हणाले.

बरीच चर्चा झाली. इराही उठून बोलली. मग लायब्ररी शनिवारी उघडी ठेवायच्या बाजूने हात वर करायला सांगितलं. पुढे आमच्या पोरांचे हात दिसले, आणि गावातल्या गोऱ्या आजीआजोबांचेही. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी आपला उजवा हात डाव्या हाताने मांडीवर घट्ट दाबून धरला होता. मोजणारी बाई रांगेरांगेतून फिरत होती आणि काकांच्या ओठांवर आकडे चालू होते.

चार मतांनी जिंकलो.

इरा खुर्च्या ओलांडत धावत आली, "काका, वी वॉन! जिंकलो आपण!" तेव्हा कुठे काकांनी तो हात सोडला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. माझा राग कुठच्या कुठे पळाला, आणि मी तिथेच, भर सभेत, हसत हसत रडायला लागले.