बिनचरबीची जीप

अनसिंगात पूनमचंद शेठचं कापडाचं दुकान मोठं होतं, पण गावात शेठची ओळख दुकानापेक्षा जीपवरून जास्त होती. लष्कराच्या लिलावातली ती जुनी जीप. शेठने तिला मागे दोन बाकं बसवली, वर ताडपत्री ओढली आणि अख्खं घरदार तिच्यात कोंबून ते लग्नाकार्याला जाऊ लागले. जीप चालवायचा भाऊसिंग. गावाला लागून असलेल्या बंजारा तांड्यातला, चाळिशीचा, उंचापुरा, आणि आपल्याएवढी जीप कोणालाच कळत नाही असं मानणारा. खोटं कशाला बोला, ते बऱ्यापैकी खरंही होतं.

बाकीचे ड्रायव्हर इंजिनाचं कौतुक सांगत. भाऊसिंग माणसाला वाकायला लावून जीपखालचे पाटे दाखवी. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, आणि गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. "खड्डा आला का पाटा वाकते, दचका खाऊन घेते," तो सांगे. "पण मंग उड्याच मारत राह्यते. त्याले गप बसवते तो हा शॉकअप." मग बोनेटवर सगळं अंग टाकून दाबी आणि सोडी. गाडी वर येऊन थांबली की शॉकअप शाबूत. डुलत राहिली की त्यातलं तेल गळालं समजायचं. दर शनिवारी तो पाट्यांतला चिखल खरवडी, बोल्ट आवळी, आणि पाट्यांच्या टोकांना ज्या पिना असतात त्यांत ग्रीस भरी. या पिनांवरच पाटा मागेपुढे हलतो. त्या कोरड्या पडल्या की पाटा अडकतो आणि दचका थेट बसणाऱ्याच्या मणक्यात शिरतो.

माशी शिंकली ती या ग्रीसवर. शेठची आई, सूरजबाई, मोठी धर्माची बाई. सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोट नाही, कांदा-बटाट्याला शिवणं नाही. तिला कोणा नातलगाने सांगितलं की ग्रीसमध्ये जनावराची चरबी असते. खरंच असे की नसे, हे अनसिंगात कोण सांगणार? पण बाईने फर्मान काढलं. "ज्या गाडीत बसून आमी साध्वीजींच्या दर्शनाले जातो, तिले चरबी लागाची नाई. घाण्याचं जवसाचं तेल देतो, ते घाल." आणि दर शनिवारी भाऊसिंगच्या हाती तेलाची भरली वाटी येऊ लागली.

त्याने आधी इमानाने तेच घातलं. पण जवसाचं तेल ते. हवा लागली की चिकट साय धरतं, त्यावर धूळ बसते. महिनाभरात पिना कुरकुरल्या, पुढे अडकल्याच. तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं की बाई, हे जमत नाही. पण सूरजबाईपुढे तोंड उघडायची भल्याभल्यांची छाती नव्हती, तिथे हा काय बोलणार! त्याने गुपचूप वाशिमहून ग्रीसचा डबा आणला. आणि तेलाची वाटी जाऊ लागली तांड्यात. त्याची बायको रामीबाई ते चटणीवर घाली, पोरं भाकरीशी मिटक्या मारत खात.

एकदा बाईची नजर त्याच्या काळ्या हातांवर गेली. नजर तशी अधूच होती, तरी गेली.

"भाऊसिंग, चरबी तं नाई ना ही?"

"पोहरादेवीची आण, बाई. तुमचंच तेल हाय. धुळीनं काळं पडलं."

तांड्यातला माणूस पोहरादेवीचं नाव असं वाऱ्यावर घेत नाही. त्या दिवशी भाऊसिंगला भाकर गोड लागली नाही. दुसऱ्या दिवशी लागली. माणसाचं असंच असतं, मेलं!

मग बाईचा मोतीबिंदू पिकला. एक डोळा आधीच गेलेला, उरल्या डोळ्याचं अकोल्याला ऑपरेशन झालं. घरी नेताना डॉक्टरने बजावलं की दचका बसला तर हाही डोळा हातचा जाईल. आणि रस्ता कसला, तर दुष्काळी कामावर टाकलेल्या खडीचा. निघण्याआधी भाऊसिंग जीपखालून हललाच नाही. पाटे धुतले, शॉकअपची रबरं बदलली, पिना ग्रीसने गच्च भरल्या. मागे गादीवर बाई आडवी, डोळ्यावर पट्टी, डोकं सून पानाबाईच्या मांडीवर. त्याने जीप बैलगाडीच्या चालीने आणली. डोळा वाचला.

इथपर्यंत ठीक होतं. पण बाई बरी झाली आणि तिने त्याचे गोडवे गायला सुरुवात केली. जैन स्थानकात साध्वीजींपुढे, दुकानात गिऱ्हाइकांपुढे, एकच कौतुक. "चरबीचा थेंब नाई, तरी गाडी पाळण्यावानी चालली. भाऊसिंगासारखा सच्चा माणूस नाई." ते ऐकून याच्या कानशिलांना आग लागे. तो दुकानाच्या मागच्या बोळाने येजा करू लागला. कोणी पाटे दाखव म्हटलं तर नाही म्हणे. घरी चटणीवर तेल पडलं की ताटावरून उठे. चोरी पचली, पण कौतुक काही पचेना.

भादव्यात पर्युषण संपलं. त्यानंतर ही मंडळी लहानथोर सगळ्यांची क्षमा मागतात, नोकराचीसुद्धा. दरवर्षी भाऊसिंगला वाड्यावर बोलावणं येई. यंदा जाड भिंगांचा चष्मा लावून सूरजबाई स्वतः चिखल तुडवत तांड्यात आली. त्याच्या दारात उभी राहिली आणि हात जोडले.

"खमत खामणा, भाऊसिंग. कळत नकळत तुह्या जिवाले लागलं असन तं माफ कर. अन् एक गोष्ट नाव घेऊन मागाची हाय. तुह्यावर संशय घेतला, देवीची आण घ्याले लावली. ते लय मोठं पाप झालं माह्या हातून."

भाऊसिंगने जोडायला उचललेले हात खाली घेतले.

"बाई, ते ग्रीसच होतं."

"कवा?"

"पयले थोडे दिवस सोडले तं कायमच."

"अकोल्याहून आणलं तवाबी?"

"तवाबी."

बाईचा हात चष्म्यापाशी गेला आणि तिथेच राहिला. मग ती हळूच म्हणाली, "माह्या डोळ्यासाठी खोटं बोलला तू. हो ना?"

बाईने स्वतःच वाट काढून दिली होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. दारात रामीबाई त्याच्याकडे बघत होती.

"नाई बाई," तो म्हणाला. "तवा डोळ्याचं नावबी नोतं. तुमाले सांगाची हिंमत नोती. अन् तेल... तेल आमी खाल्लं."

रामीबाईने ओढणी तोंडावर ओढली. सूरजबाईने पुन्हा हात जोडले. "माफ केलं," म्हणाली. रीतीप्रमाणे यानेही हात जोडले, पण मान वर करता आली नाही.

"जीपनं सोडतो, बाई."

"नको. पायीच जाईन."

ती एकटीच निघाली. नव्या चष्म्यातून जमीन तिला जवळ की लांब तेच उमगत नव्हतं, आणि वाट खड्ड्यांनी भरलेली. भाऊसिंग अंतर ठेवून मागून चालू लागला. "डावीकून पानी हाय, बाई." ती उजवीकडे सरली. "आता दगड हाय." तिने पाय उचलून पुढे टाकला. एकदाही थांबली नाही, पायाने चाचपून पाहिलं नाही. तो सांगेल तिथे बिनदिक्कत पाऊल टाकत होती, आणि मागून चालणाऱ्या भाऊसिंगला रडू आवरत नव्हतं.