गणराजभाऊंचा गॅमा स्फोट

काळेवाडीत सत्काराला माणूस मिळेना झाला की गणराजभाऊ कुणालाही धरतात. दहावी पास झालेला, नवी रिक्षा घेतलेला, काहीही चालतं. शाल, नारळ, फोटो, आणि खाली स्वतःचं नाव: भावी नगरसेवक. किती निवडणुका आल्या नि गेल्या, हा गडी आपला भावीच!

या वेळी त्यांच्या तावडीत मिनल सापडली. ती पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत आहे. अवकाशातल्या दुर्बिणीकडून येणारी माहिती चाळायची आणि तीत गॅमा किरणांचे स्फोट शोधायचे, हे तिचं काम. लांब कुठंतरी एखादा अवाढव्य तारा कोसळतो, काही सेकंद किरणांचा लोट येतो आणि संपतो. तेवढ्यात दुर्बिणीनं किती किरण मोजले, त्यावरून स्फोट ताडायचा. सोमवारी आकड्यांत तिला असा एक उंचवटा दिसला. घरी चहा पिताना ती बोलून गेली, "पप्पा, नवा स्फोट सापडलाय वाटतं. अजून तपासायचाय."

पप्पा म्हणजे विलास, भोसरीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांच्या पोटात गोष्ट राहील तर शपथ! त्यांनी संध्याकाळी पारावर सांगितलं आणि दोन दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. गॉगल लावलेले गणराजभाऊ हे एवढे मोठे, त्यांची पिलावळ ओळीनं, आणि कोपऱ्यात पासपोर्ट साइजची मिनल. 'गॅमा स्फोट घडवून आणल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' घडवून आणल्याबद्दल! अरे, पोरगी काय फटाक्यांचा कारखाना चालवते?

शनिवारी सकाळी तपासणी संपली. त्या दुर्बिणीत किरण टिपणारे चार डबे आहेत. खरा स्फोट असता तर चारही डब्यांत आकडा एकदम चढला असता. चढला होता एकाच डब्यात. म्हणजे आभाळातून काही आलंच नव्हतं, त्या डब्यातच काहीतरी बिघडून खोटी मोजणी झाली होती. मिनलनं संस्थेत तसं कळवलं. तिथं कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही.

काळेवाडीत मात्र सत्काराचा मांडव उभा राहिला होता. "आजचा दिवस गप बस," विलास गयावया करत म्हणाले. "सगळी गल्ली येतीय. कुणाला काय कळतंय त्यातलं?"

"मला कळतंय ना, पप्पा."

पप्पा तोंड फिरवून बसले. मिनल तरीही मांडवात गेली.

गणराजभाऊ अर्धा तास बोलले. त्यात स्फोट कमी आणि ड्रेनेज लाइन जास्त. शेवटी मिनलच्या खांद्यावर शाल पडली. तिनं माइक धरला.

"तो स्फोट नव्हता. यंत्रातला दोष होता. मी काहीही शोधलेलं नाही."

गणराजभाऊंना काय त्याचं! लाज वाटायला आधी ती असावी लागते. माइक हिसकावून ते ओरडले, "बघा, केवढी ही नम्रता! वाजवा टाळ्या!"

आणि लोकांनी वाजवल्या की! त्या मेंढरांना स्फोट होता काय नि नव्हता काय. मिनलला संतापानं रडू फुटलं.

पहिल्या रांगेतले विलास उठले. सकाळी गयावया करणारा हाच माणूस स्टेजवर चढला. त्यांनी पोरीच्या खांद्यावरची शाल काढली, घडी घातली आणि गणराजभाऊंच्या हातात ठेवली.

"ही नम्रता न्हाई, साहेब. पोरगी खरं बोलतीय."

मग गणराजभाऊंकडून माइक घेऊन त्यांनी तो मिनलला दिला.

"परत सांग," ते म्हणाले.